मुलाखत घेतलीत, तर उत्तरही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नोकरीतल्या ताणावर आलेला लेख वाचला. दीर्घ श्वास, वेळेवर झोप, सकाळचं चालणं, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणं हे त्यातले उपाय योग्यच आहेत. त्यातले काही मी करते आणि मला त्यांचा उपयोग झाला आहे. पण लेख संपल्यावर एक गोष्ट बोचत राहिली. ताण कर्मचाऱ्याला येतो आणि तो त्यानेच उतरवायचा, एवढंच त्यात होतं. हा ताण येतो कुठून, कोणाच्या कुठल्या पद्धतीमुळे वाढतो आणि ती पद्धत बदलता येईल का, यावर एक ओळही नव्हती. नोकरी असताना, ती गेल्यावर आणि दुसरी शोधताना अशा तिन्ही वेळी मी हा ताण भोगला आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मुलाखत घेऊनही उत्तर न देणाऱ्या कंपन्यांबद्दल त्यात एक मागणीही आहे. पत्र लांबलं आहे, पण शक्य असेल तर पूर्ण छापावं.

मी चिंचवडला राहते. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि वय आता पंचेचाळिशीच्या पुढे आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात मी कित्येक वर्षं काम केलं. खरेदी विभाग म्हटलं की लोकांना वाटतं, भाव पाडायचा आणि ऑर्डर द्यायची. प्रत्यक्षात आमचा दिवस शॉर्टेज लिस्टने उजाडतो. कुठला पार्ट किती तास पुरेल, व्हेंडरची गाडी निघाली का, निघाली असेल तर कुठे अडकली, हे सगळं सकाळच्या मीटिंगच्या आत माहीत पाहिजे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आता मालाचा साठा करून ठेवत नाहीत, तासांच्या हिशेबाने माल मागवतात. एक रबरी वॉशर आलं नाही तर आमची लाइन थांबते, आमची थांबली की पुढे त्यांची थांबते आणि त्यांची थांबली की नुकसानीची डेबिट नोट आमच्या नावावर येते. त्यामुळे तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर रात्री दोन वाजता फोन करतो, यात त्याचा काही दोष नाही. त्याच्यापुढे मशीन उभं असतं. पण वर्षानुवर्षं फोन उशाशी घेऊन झोपलं की फोन वाजला नाही तरी दोनला जाग यायला लागते. मग सकाळी कंपनीच्या बसमध्ये डोळा लागावा तर मोशीपासून गाड्यांची रांग सुरू होते, आणि चाकणच्या तळेगाव चौकात किती वेळ जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. नाशिक रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्यांना मी काय म्हणते ते कळेल.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत छातीत धडधड सुरू झाली आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. कंपनीच्या अँब्युलन्समधून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. घरी आल्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "ताई, सलग झोप शेवटची कधी लागली होती?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. काही महिने गोळ्या घेतल्या, समुपदेशन घेतलं आणि बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या बसमधल्या निदान चार-पाच जणींना असाच त्रास होता आणि त्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढत होत्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजारासारखाच विमा देण्याचं बंधन विमा कंपन्यांवर घातलेलं आहे. तो कायदा २०१८ पासून लागू आहे. तरीही विमा मानसोपचाराला चालत नाही, असं सांगणारे लोक अजून भेटतात. पॉलिसीचा कागद वाचावा आणि प्रश्न विचारावा.

आमच्या कंपनीतही ताणावर व्याख्यान झालं होतं. वक्ते चांगले होते, मनापासून बोलले. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला कॉस्ट रिव्ह्यू, म्हणजे खर्चाच्या आढाव्याची मीटिंग लागली आणि ती साडेनऊपर्यंत चालली. व्याख्यानामुळे कामाचा एक तासही कमी झाला नव्हता. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असावा, असं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत आणलं होतं. खासगी विधेयकांचं बहुधा होतं तेच त्याचं झालं, ते पुढे सरकलं नाही. ते कारखान्याला जसंच्या तसं लागू पडणार नाही, हे मला कळतं. लाइन थांबली तर कोणाला तरी उठवावंच लागेल. पण आठवड्यातल्या रात्री चौघांत वाटून घेतल्या आणि ज्याची पाळी त्याचाच फोन चालू, एवढं केलं तरी चौघांपैकी तिघं झोपतील. याला पैसे लागत नाहीत. आमच्या विभागात आम्ही हे सुचवलं होतं. साहेब "बघू" म्हणाले आणि ते तिथेच राहिलं.

पुढे कंपनीने आमचा प्रॉडक्ट दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवला आणि इथला खरेदी विभाग मोडीत काढला. सकाळी एचआरने बोलावलं, दुपारपर्यंत लॅपटॉप जमा झाला. त्या प्रसंगाबद्दल मला फार लिहायचं नाही. धंद्यात अशा गोष्टी होतात आणि जे देणं होतं त्यातलं बहुतेक उशिरा का होईना मिळालं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कंपनीच्या गटविम्याचं छत्र नोकरीबरोबर जातं, आणि नेमकी तेव्हाच त्याची जास्त गरज असते. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, ते शेवटच्या दिवसाच्या आतच विचारून घ्यावं. आमच्याबरोबर ठेक्यावरची काही मुलंही गेली. त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी कापली जात होती, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त नव्वद दिवस सरासरी कमाईच्या निम्मे पैसे देणारी ही योजना २०१८ पासून आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ती सध्या चालू आहे का ते ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारावं. त्या मुलांपैकी एकालाही या योजनेचं नाव माहीत नव्हतं.

घरी बसल्यावरचे दिवस कसे असतात ते सांगते. आमच्या भागात गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. त्या दिवशी सोसायटीत सगळेच घरी. कोणी गाडी धुतंय, कोणी पडद्याचा रॉड बसवतंय, पार्किंगमध्ये पोरांचं क्रिकेट चालू आहे. गुरुवारी मी निवांत खाली जायची, भाजी घ्यायची, चार जणींशी बोलायची. शुक्रवारी सकाळी आठला बसच्या थांब्यावर माणसं उभी राहिली की मी बाल्कनीत कपडे वाळत घालायलासुद्धा जात नसे. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "आज सुट्टी का गं?" तिसऱ्या वेळी माझ्या सासूबाईंनीच दारात जाऊन सांगितलं, "तिची नोकरी गेली आहे, दुसरी शोधते आहे. तुमच्या ओळखीत कुठे असली तर सांगा." सत्तरी ओलांडलेली बाई, शाळा सातवीपर्यंत. माझी नोकरी गेल्याचं बाहेर कोणाला तरी मोठ्याने सांगितलं गेलं ते पहिल्यांदाच. त्यानंतर मला दार उघडताना भीती वाटली नाही. घरातल्या माणसांनी लपवायला मदत करण्यापेक्षा असं सांगायला मदत करावी, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. पुढे दोन मुलाखतींचे निरोप मला शेजारपाजारच्या ओळखीतूनच आले.

माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन बीए करते आहे. तिच्या अभ्यासात ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल नावाच्या गावाची माहिती होती. १९३० च्या सुमारास तिथली कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोक दिवस कसा घालवतात ते बारकाईने पाहिलं, अगदी रस्त्याने चालणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला. पुरुषांची चाल मंदावली होती, ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. त्यांना कुठे पोचायचंच नव्हतं. बायकांच्या मागे घरकाम होतं, त्या पुरुषांपेक्षा भरभर चालत होत्या. आणि वेळच वेळ असून गावातल्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. पगाराबरोबर नोकरी माणसाला दिवसाची आखणी देते, चार माणसांत नेते, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव देते, असं याहोडाने पुढे मांडलं. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण मीही घरात एका खोलीतून दुसरीत जाताना मध्येच थांबत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन महापालिकेच्या वाचनालयात जाऊन बसायला लागले. सकाळी दहा ते दीड अर्ज, फोन, ईमेल. दुपारी एक्सेलचं आणि नव्या ईआरपीचं, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचं शिकणं. पाचला घरी. तिथे माझ्याभोवती सगळी स्पर्धा परीक्षेची मुलं असायची, सातारा, बीड, धाराशिवहून आलेली. निकाल लागला नाही, जाहिरात निघाली नाही, परीक्षा पुढे गेली, हेच त्यांचं बोलणं. त्यांची आणि माझी वाट वेगळी, पण वाट बघण्याचा त्रास एकच. त्यातली एक मुलगी रोज माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवायची. कामावर जाण्याची वेळ झाली आहे आणि कोणीतरी आपली जागा धरून बसलं आहे, एवढ्यानेसुद्धा माणूस सावरतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येते.

नोकरी शोधताना नकार आला की वाईट वाटतं, पण ते एका रात्रीचं असतं. मला खरा त्रास झाला तो उत्तरच न येण्याचा. तळेगावच्या बाजूच्या एका कंपनीत माझ्या तीन फेऱ्या झाल्या. आधी फोनवर, मग विभागप्रमुखांबरोबर, मग प्लांट हेडबरोबर. शेवटच्या फेरीला सकाळी दहाला बोलावलं आणि तीनला आत घेतलं. तोपर्यंत रिसेप्शनच्या सोफ्यावर बसले होते, डबा उघडावा की नाही ते कळत नव्हतं. त्यांनी दहा पार्टची खर्चकपात कशी कराल याचं प्रेझेंटेशन आधीच मागवून घेतलं होतं, ते मी चार रात्री बसून केलं होतं. त्यांना ते आवडलं. प्लांट फिरवून दाखवला. "रिलीव्हिंग लेटर आहे ना? मग लगेच जॉइन व्हाल?" असं विचारलं, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेतल्या आणि आठवड्यात कळवतो म्हणाले. जाताना एचआरच्या मुलीने हसून सांगितलं, "मॅडम, जवळजवळ झालंच समजा."

तो आठवडा गेला, त्यानंतरचे आठवडेही गेले. मी फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये, ईमेल केला तर शांतता. मग त्या मुलीने फोन उचलणंच बंद केलं. तेवढ्या काळात मी फोन न्हाणीघरात घेऊन जात होते, स्वयंपाक करताना ओट्यावर, रात्री पुन्हा उशाशी. अनोळखी नंबर दिसला की छातीत तीच जुनी धडधड, आणि उचलावा तर क्रेडिट कार्डवाले. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीने कमी पगारावर विचारलं होतं. त्यांच्याकडे मी आठवड्याची मुदत मागितली, तोवर त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. मामेभावाच्या मुलाचं लग्न कोल्हापूरला होतं, तिथेही गेले नाही, ऐन वेळी बोलावलं तर काय करायचं म्हणून. पुढे कधीतरी नोकरीच्या वेबसाइटवर त्याच जागेची जाहिरात पुन्हा झळकली, तेव्हा मला समजलं.

हा प्रकार एका कंपनीचा नाही. ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकाला हा अनुभव आहे, मुलाखत घेतलेल्या कंपनीकडून नकाराचा कागद आलेला माणूस विरळाच. स्वतःच्या माणसाला तीन महिन्यांची नोटीस भरायला लावणाऱ्या कंपन्या बाहेरून येणाऱ्याने मात्र लगेच यावं म्हणतात. फॉर्मवर मागचा पगार, अपेक्षित पगार, मधल्या खंडाचं कारण, सगळं तारीखवार भरून घेतात. बाईला मुलं केवढी आहेत आणि सासूबाई घरी असतात ना, हेही विचारतात. इतकी माहिती घेतलेल्या माणसाला दोन ओळींचं उत्तर का देता येऊ नये?

एचआरच्या ओळखीच्या दोघा-तिघांना मी हे विचारलं. त्यांची कारणं खोटी नाहीत. पहिल्या पसंतीचा उमेदवार येईपर्यंत दुसऱ्याला हातातून सोडायचं नसतं. कधी जागाच गोठवली जाते आणि ते बाहेर सांगायची परवानगी नसते. नकार कळवला की उमेदवार कारण विचारतो, वाद घालतो, आणि फोनवर बसलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला काय बोलावं ते कळत नाही. आणि अर्ज शेकड्यांनी येतात. हे सगळं मान्य. पण प्रत्येक अर्जाला उत्तर द्या असं मी म्हणतच नाही. ज्याला तुम्ही समोर बसवून मुलाखत घेतली, त्यालाच द्या. अशी माणसं एका जागेसाठी पाच-सात असतात. कारण सांगू नका. "ही जागा भरली आहे" किंवा "निर्णय लांबला आहे, अमुक तारखेपर्यंत थांबा" एवढं पुरे.

खरेदी विभागात आम्ही हेच करत होतो. एखाद्या पार्टसाठी चार व्हेंडरांकडून कोटेशन मागवलं आणि ऑर्डर एकाला दिली, की उरलेल्या तिघांना रिग्रेट लेटर, म्हणजे नकाराचं पत्र जायचं. अगदी एम-सिक्ससारख्या लहानशा बोल्टची चौकशी असली तरी. त्या माणसाने आपल्यासाठी वेळ खर्च केला, कच्च्या मालाचा भाव काढला, मशीनची वेळ राखून ठेवली असेल, ती मोकळी करायला हवी, असं आमच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. हा उपकाराचा भाग नव्हता, कामाचाच भाग होता. ते पत्र गेल्याशिवाय आमची फाइल बंद होत नसे आणि ऑडिटमध्ये ते पाहिलं जाई. बोल्टच्या व्हेंडरला जे मिळतं ते त्याच कंपनीच्या गेटमधून मुलाखत देऊन गेलेल्या माणसाला मिळत नाही, हे मला सहन होत नाही.

यासाठी कायदा होऊ शकतो का? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झाला आहे. माझी भाची टोरांटोजवळ राहते, तिच्याकडून कळल्यावर मी शोधून वाचलं. पंचवीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहीर जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते कळवलंच पाहिजे, असा तिथला नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. आणि हा पंचवीसचा आकडा आपल्याला नवा नाही. आपल्याकडे १९५९ मध्ये सेवायोजन कार्यालयांसाठी झालेल्या कायद्यातही खासगी क्षेत्रात पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी रिकाम्या जागा सरकारला कळवाव्यात, असं बंधन होतं. म्हणजे जागा रिकामी झाली हे कळवायची तरतूद आपण साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच केली. ती जागा भरली हे वाट बघणाऱ्या उमेदवाराला कळवायची तरतूद मात्र कोणी केली नाही. महाराष्ट्राच्या कामगार विभागाने ती करावी, एवढी माझी मागणी आहे. ४५ दिवस हवे तर ४५ घ्या, पण तारीख ठरवा. नोकऱ्यांसाठी राज्याचं महास्वयं पोर्टल आहे, जिल्ह्याजिल्ह्यात रोजगार मेळावे होतात. निदान तिथे येणाऱ्या कंपन्यांना ही अट उद्यापासून घालता येईल. त्याला नवा कायदा लागणार नाही. मराठा चेंबरसारख्या उद्योगांच्या संस्थांनी आपल्या सभासदांना हे सांगितलं, तर पुणे-पिंपरी-चिंचवडमध्ये बराच फरक पडेल.

कायदा होईपर्यंत नोकरी शोधणाऱ्यांनी काय करावं, तर मला उपयोगी पडलेलं थोडं सांगते. मुलाखत संपताना उठण्याआधी विचारायचं: "निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल, आणि तोपर्यंत कळलं नाही तर मी कोणाला फोन करू?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ती तारीख वहीत लिहायची. तारखेनंतर एक फोन, एक ईमेल, आणि ते पान बंद. मग ती कंपनी मनातून काढून टाकायची, पुढे बोलावलं तर चांगलंच. मी हे उशिरा सुरू केलं, पण सुरू केल्यावर फोन न्हाणीघरात नेणं थांबलं. अमेरिकेत १९९० च्या दशकात नोकरी गेलेल्या इंजिनिअरांवर एक छोटा प्रयोग झाला होता. नोकरी गेल्याबद्दल मनात काय चाललं आहे ते ज्यांनी पाच दिवस रोज वीस मिनिटं लिहून काढलं, त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. प्रयोगात साठ-पासष्टच माणसं होती, त्यामुळे त्याचा फार मोठा अर्थ काढू नये. पण लिहिल्याने मला रात्री झोप लागायला लागली, एवढं नक्की.

नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, गणवेशाचे पैसे असं काहीही मागणारी नोकरी खोटी असते. मला असे फोन आले, वाचनालयातल्या एका मुलाचे त्यात पैसेही गेले. पैसे गेले असतील तर लाजत बसू नये, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी फोन क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी, जितक्या लवकर फोन तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि रात्र निघत नसेल, जगणं नको वाटायला लागलं असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. मी एका रात्री तिथे फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं. तो क्रमांक आपण दैनिकात रोज एका कोपऱ्यात छापावा, अशी विनंती आहे. नोकरीच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर छापलात तर तो योग्य माणसाला दिसेल.

मला आता भोसरीत नोकरी मिळाली आहे, आधीपेक्षा कमी पगाराची, पण रात्री फोन येत नाही. त्या कंपनीने माझ्याबरोबर मुलाखतीला आलेल्या बाकीच्यांना त्याच आठवड्यात ईमेल पाठवून कळवलं, हे रुजू झाल्यावर एचआरच्या टेबलावर मी स्वतः पाहिलं. पन्नास-साठ माणसांची कंपनी आहे, एचआरला एकच मुलगा आहे, आणि त्याला ते जमलं.

सध्या मी प्रोबेशनवर आहे. पूर्वीच्या कंपनीशीही व्यवहार अजून पुरते मिटलेले नाहीत. म्हणून पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. ते आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या कागदावर दिलं आहे.

आपली,
एक वाचक, चिंचवड